लेक बापाची, पण आधी आईची

मुलगी बापाची लाडकी, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बाप कामावरून आला की हातातली पिशवी घ्यायला तीच धावते. आईशी मात्र तिचे रोज खटके उडतात. आमच्या थोरल्या बहिणीचे असेच. साठी उलटली तरी आईचा विषय निघाला की ती म्हणते, "मला अंगावर पुरतं पाजलंच नाही. तुला मात्र तीन वर्षं पाजलं." तिच्या वेळी आई खडी फोडायला जात होती, पाठोपाठ दुसरे मूल झाले, हे तिला ठाऊक आहे. तरी ती बोलतेच. आम्ही या तक्रारीकडे कधी लक्ष दिले नव्हते. परंतु व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९३१ सालच्या एका लेखाविषयी वाचताना नेमकी हीच तक्रार समोर आली आणि आम्ही चमकलो.

फ्रॉइड हे मनोविश्लेषणाचे जनक. रोग्याला कोचावर निजवायचे, मनात येईल ते बोलू द्यायचे आणि त्यातून बालपणीच्या विसरलेल्या भावनांचा माग काढायचा, ही त्यांची रीत. मुलगा आईवर जीव लावतो व बापाला प्रतिस्पर्धी मानतो, हा त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. मुलीचे याच्या उलट असणार, असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. त्यांचे एकेकाळचे सहकारी युंग यांनी १९१३ मध्ये त्याला ग्रीक कथेतल्या इलेक्ट्रा या राजकन्येचे नावही दिले. फ्रॉइडना ते नाव पटले नाही, पण मुलीच्या कथेतला नायक बापच राहिला.

सप्टेंबर १९३० मध्ये फ्रॉइड यांच्या आई वयाच्या ९५ व्या वर्षी वारल्या. जबड्याच्या कर्करोगाने त्रासलेले फ्रॉइड अंत्यविधीला गेले नाहीत, आपल्या जागी धाकटी मुलगी ॲना हिला त्यांनी पाठविले. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिले की, मुलीच्या आयुष्यातला आईचा काळ आपण फार कमी लेखला होता. ज्या बायका बापाला घट्ट धरून असतात त्यांच्याही मनात खाली आईवरचे तितकेच उत्कट प्रेम असते, कधी कधी ते चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत टिकते. ग्रीक संस्कृतीच्या खाली तिच्याहून जुनी संस्कृती उत्खननात निघावी, तसा हा शोध त्यांना वाटला. स्त्री विश्लेषकांना तो अधिक सहज दिसला, कारण त्यांच्यापुढे रोगी बायकांना आपली आई आठवते, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

मग मुलगी आईपासून फिरते का? तिच्या तक्रारी फ्रॉइड नोंदवितात. आईने दूध कमी पाजले, दुसरे मूल आणून माझा वाटा त्याला दिला. सहा-नऊ महिन्यांत अंगावरून तोडलेल्या मुलांनी असे म्हणावे हे ठीक, पण दोन-तीन वर्षे पाजलेल्या मुलांच्या मनातही हीच तक्रार निघणार नाही कशावरून, अशी शंका ते घेतात. बाळाची भूक कधी भागतच नाही! त्यांचे आणखी एक निरीक्षण आम्हांला फार मोलाचे वाटते. बापासारखा नवरा निवडलेली बाईसुद्धा संसारात त्याच्याशी भांडते ते आईशी भांडल्यासारखे. कित्येक घरांतले रोजचे वाद यातून उलगडतील.

परंतु फ्रॉइड यांचे एक म्हणणे आम्हांला पटत नाही. मुलाला असलेला अवयव आपल्याला नाही, याचा मुलीला हेवा वाटतो आणि त्याचा दोष ती आईला देते, असे ते म्हणत. बर्लिनच्या डॉक्टर कारेन हॉर्नी यांनी १९२६ मध्येच याला खणखणीत उत्तर दिले होते. चार-पाच वर्षांचा मुलगा मुलींविषयी जे समजतो आणि विद्वान विश्लेषक जे लिहितात, ते त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखविले. दोन्ही सारखेच निघाले! मुलीला लहानपणापासून कमी लेखले जाते, मान आणि मोकळीक पुरुषाला मिळते, हे विसरून तिचा हेवा समजणार कसा, असा त्यांचा सवाल होता. हॉर्नी यांचे वडील जहाजावरचे कप्तान, करड्या स्वभावाचे. मुलीने पुढे शिकावे हे त्यांना पसंत नव्हते, आईने पाठीशी राहून तिला शिकविले. त्या स्वतः तीन मुलींच्या आई होत्या.

फ्रॉइड यांच्या घरचे काय? ॲनाला तर बापानेच १९१८ पासून कोचावर घेऊन तपासले. आज कोणी हे योग्य मानणार नाही. तिने लग्न केले नाही, बापाची सेवा केली, त्यांचे काम पुढे नेले. बापाची लेक म्हणावी तर हीच. पण लहानपणी तिला सांभाळले ते योसेफिन नावाच्या दाईने आणि तिचा खरा ओढा होता या दाईकडे.

१९३८ मध्ये नाझींमुळे हे कुटुंब लंडनला आले. दुसऱ्या वर्षी फ्रॉइड वारले. १९४१ मध्ये ॲना आणि तिची मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तेथे युद्धाची झळ लागलेल्या मुलांसाठी पाळणाघरे काढली. बाप लढाईवर, आई कामावर, घर बॉम्बने पडलेले, अशी ही मुले. कोचावर निजणाऱ्या सधन बायकांपेक्षा ही मुले आपल्याला जवळची. बॉम्बच्या धडाक्यापेक्षा आईपासून झालेली ताटातूट त्यांना जास्त बाधते, असे या दोघींना आढळले. तेव्हा त्यांनी मुलांचे लहान गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई दिली. मुले 'माझी बाई' म्हणून भांडू लागली, रडारड वाढली, पण मुले खुललीही.

हे सारे आम्ही बहिणीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई खडीवर गेली की मला कोण सांभाळायचं रे?"

आमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, आणि आईला विचारायचे राहून गेले.