मैदान तिचं – भाग ६ : शेवटच्या फळीतली एली किलडन

मागच्या भागात आपण रग्बीतला स्क्रम पाहिला. दोन्ही संघांच्या आठ-आठ जणी एकमेकींना रेटून चेंडूवर ताबा कसा मिळवतात, हे त्यात होतं. आज त्या रेटारेटीपासून सर्वांत लांब उभ्या असलेल्या खेळाडूकडे वळू. तिच्या पाठीवर १५ हा आकडा असतो आणि तिच्या जागेला फुल-बॅक म्हणतात.

हिचं काम दुहेरी. प्रतिस्पर्धी खेळाडू साऱ्या रांगा भेदून आली, तर तिला पाडायला मागे ही एकटीच उरते. लाथेने उंच उडवलेला चेंडू झेलायचा हिनेच, आणि पाय टेकताच निर्णय घ्यायचा. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. म्हणून एक तर परत लाथ मारायची, नाही तर तो घेऊन धावायचं. इंग्लंडच्या एली किलडनला धावायला आवडतं.

१९९९ साली जन्मलेली एली यॉर्कशरमधल्या कीथलीची. लहानपणी ती मुलांच्या संघात एकटी मुलगी होती. नोव्हेंबर २०१७मध्ये, १८व्या वर्षी, ती कॅनडाविरुद्ध इंग्लंडकडून प्रथम खेळली आणि पहिल्याच सामन्यात तिने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून पाच गुण मिळवले.

पण तिच्या पदार्पणाची वेळ पाहा. त्याच वर्षीच्या विश्वचषकानंतर इंग्लंडने पंधरा जणींच्या संघाचे पूर्णवेळ पगारी करार पुढे चालू ठेवले नव्हते. भर सात जणींच्या सेव्हन्स प्रकारावर होता. जानेवारी २०१९मध्ये पंधरा जणींच्या संघासाठी २८ पूर्णवेळ करार आले. २०२०मध्ये उलट सेव्हन्सचाच निधी कापला गेला. गुणी मुलीचंही भवितव्य असं बैठकीतल्या निर्णयांवर हेलकावे खात होतं.

एली दोन्ही प्रकार खेळली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती ब्रिटनकडून सेव्हन्स खेळली. सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच, खेळाडू मात्र निम्म्याहून कमी. मोकळी जागा हेरणं आणि समोरच्या एकटीला चकवणं तिथे रोजचंच. हेच कौशल्य फुल-बॅकला लागतं.

२०२२मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा पहिला ट्राय तिचा होता. १८व्या मिनिटाला इंग्लंडच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं, उरलेला सगळा सामना चौदा जणींनी लढवला आणि न्यूझीलंडने तो ३४-३१ असा जिंकला. एली तिथे थांबली नाही. २०२४च्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेत तिने पाच सामन्यांत नऊ ट्राय केले आणि त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२०२५चा विश्वचषक मायदेशात होता. डोक्याला मार लागल्यामुळे तिला उपांत्यपूर्व सामन्यात खेळता आलं नाही. परतल्यावर उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध तिने दोन ट्राय केले. २७ सप्टेंबरला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ८१,८८५ प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. कॅनडाने आधी आघाडी घेतली. थोड्याच वेळात एली मैदानाच्या मध्यापासून बचाव चिरत गेली आणि तिने ट्राय करून बरोबरी साधली. इंग्लंड ३३-१३ने विजयी.

ही कारकीर्द फक्त जिद्दीची गोष्ट म्हणून सांगणं मला अपुरं वाटतं. वेग तिचा, धाडस तिचं. पण रोज सराव करायला, दुखापतीतून नीट बरं व्हायला आणि एका पराभवानंतर तीन वर्षं तयारी करायला पगार लागतो, डॉक्टर लागतात, प्रशिक्षक लागतात. मुलींच्या खेळात गुणवत्ता कमी आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं, की त्या गुणवत्तेला पूर्णवेळ खेळण्याची संधी कोणी आणि कधी दिली.

पुढील भागात : पूर्णवेळ पगाराशिवाय काय साधता येतं? पुण्याच्या वाहबिज भरुचाच्या नेतृत्वाखाली भारताने २०१९मध्ये मनिला इथे सिंगापूरवर २१-१९ने मिळवलेला, पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला विजय.