ईदची खरेदी आधी, नागपूरची सैर बासी ईदला

पंधरा रोजे सरले की चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, कुठल्याही मोहल्ल्यात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘नागपूरला कधी निघता?’ शेवटच्या अशऱ्यात तर एकाच गल्लीतून दोन-दोन गाड्या निघतात. मुलांना कपडे घ्यायचे असतात, चपला-बूट घ्यायचे असतात. मोमिनपुऱ्यात इफ्तार करायचा असतो आणि जमले तर तलाव, बागही पाहायची असते. रात्री दोनला घरी परत, चारला पुन्हा सहरी.

यात हौस आहे आणि हौस करणे गुन्हा नाही. ईद हा आनंदाचाच दिवस आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक घरांत आई-बहिणींना वर्षातून एकदा मोठे शहर पाहायला मिळते ते याच निमित्ताने. म्हणून ‘जाऊच नका’ असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की खरेदी, खाणे आणि फिरणे ही तीन कामे रोजाच्या एका दिवसात कोंबली की तिन्ही बिघडतात. खरेदी शाबानमध्ये उरकावी आणि सैर बासी ईदसाठी ठेवावी. असे का, ते पाहू.

पैसा कधी येतो, ईद कधी येते

चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. आपल्याकडचा पैसा मात्र जंगल आणि शेतीच्या हिशेबाने येतो. धान विकले जाते दिवाळीनंतर, मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात. ज्यांची दुकाने, गॅरेज किंवा आठवडी बाजारातला कपड्या-बांगड्यांचा धंदा आहे त्यांचा गल्लाही गिऱ्हाइकाच्या हातात पैसा आला की भरतो. पूर्वी ईद मे-जूनमध्ये यायची तेव्हा तेंदूपत्त्याचा पैसा फिरत असे. आता ती त्याच्या आधी येते. हातात रोकड नसताना ईद आली की उधारी किंवा हप्त्यावर खरेदी होते आणि त्याचे ओझे बकरीदपर्यंत उतरत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. धान विकल्यावर किंवा पगार झाल्यावर दरमहा ईदचा एक वाटा बाजूला काढावा आणि त्याच पैशातून शाबानमध्ये कापड घ्यावे. गावातला टेलर रमजान अर्ध्यावर आला की नवे कपडे घ्यायचे बंद करतो. शाबानमध्ये दिलेला कपडा मात्र तो सवडीने, नीट शिवतो.

‘नागपूरला स्वस्त मिळते’, पण किती?

हिशेब करून पाहू. चंद्रपूर ते नागपूर साधारण १५० किलोमीटर, जाऊन-येऊन ३००. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर २० लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे शंभर रुपये धरले तरी दोन हजार झाले. टोल, पार्किंग, बाहेरचे खाणे वेगळेच. समजा प्रत्येक कपड्यामागे दीडशे रुपये वाचले, तर पाच जणांच्या घरात वाचतात साडेसातशे. म्हणजे एकट्या घरासाठी हा सौदा महागच पडतो. दोन-तीन घरांनी मिळून यादी केली आणि दोघा-तिघांनीच जाऊन सगळ्यांचे कापड, सुकामेवा, शेवया आणल्या तर मात्र खरोखर बचत होते.

एसटीने गेलात तर हिशेब आणखी बदलतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. बल्लारशाह-चंद्रपूरकरांना रेल्वेचा आधार आहे. नागभीडहून इतवारीला जाणारी छोटी गाडी मात्र रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि पूर्व भागातल्या लोकांचा तो स्वस्त रस्ता तुटला.

शहरात कुठे काय

चंद्रपूरकडून वरोरा, जाम, बुटीबोरीमार्गे येणाऱ्यांना खापरीलाच मेट्रो मिळते. सीताबर्डीला उतरून प्रजापतीनगरकडे जाणारी दुसरी गाडी घ्यावी. मोमिनपुऱ्यासाठी दोसर वैश्य चौक, गांधीबाग-इतवारीसाठी अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक ही स्थानके सोयीची. ईदच्या गर्दीत या भागात चारचाकी नेणे म्हणजे अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात घालवणे.

गडचिरोलीकडून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडमार्गे येणारे शहरात शिरतात ते उमरेड रोडने. याच रस्त्यावर ताजबाग आहे, १९२५ मध्ये वफात झालेल्या बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा. ज्यांना हाजिरी द्यायची आहे त्यांना वेगळी फेरी मारायची गरज पडत नाही.

थानाचे कापड गांधीबागेत पाहावे. सुकामेवा आणि किराणा इतवारी-मस्कासाथ भागात. तयार कपडे, चपला सीताबर्डीत. टोपी, अत्तर, कुर्ते, खजूर मोमिनपुऱ्यात. रविवारी जाणार असाल तर घाऊक दुकाने उघडी आहेत का, ते आधी फोनवर विचारून घ्यावे.

सिरोंचाकडच्या भावंडांचे गणित वेगळे. त्यांना नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडते आणि गोदावरीवर पूल झाल्यापासून तिकडचा रस्ता सोपा झाला आहे. चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या बांगड्या आणि २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हैदराबादी हलीम यांची ओढ असणारच. पण आगाऊ आखणीचा नियम तिथेही तोच.

रोजा आणि सफर

‘प्रवासात रोजाची सूट आहे ना?’ असे बरेच जण विचारतात. हनफी उलमांच्या मते सुमारे ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब जाणारा मुसाफिर ठरतो. तो रोजा पुढे ढकलू शकतो, पण नंतर त्याची कजा करावी लागते. सकाळी रोजा ठेवून घरून निघालेल्याने मात्र तो वाटेत सोडू नये असे ते सांगतात. आपल्या मसलकप्रमाणे स्थानिक आलिमांना विचारून घ्यावे. पण मुळात ही सूट मजबुरीसाठी आहे. जी खरेदी शाबानमध्ये होऊ शकत होती तिच्यासाठी रोजा पुढे ढकलावा का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. शबे-कद्रची शक्यता शेवटच्या अशऱ्यातल्या ताक रात्रींत असते आणि आपली सर्वांत जास्त गर्दी बाजारात दिसते तीही याच रात्री.

रात्रीच्या रस्त्याबद्दल तर स्पष्टच सांगतो. पहाटे तीनला उठलेला, दिवसभर रोजा असलेला, इफ्तारला पोटभर जेवलेला माणूस रात्री बारा वाजता गाडी चालवत असेल तर त्याला डुलकी लागणारच. त्यात भिवापूर-नागभीड-ब्रह्मपुरीचा किंवा मूल-चंद्रपूरचा रस्ता जंगलातून जातो. रानडुक्कर, नीलगाय, कधी वाघही आडवा येतो. मागच्या सीटवर आपली लेकरे झोपलेली असतात. मोमिनपुऱ्याच्या कबाब-नहारीची, शिरमाल-फिरनीची हौस असेल तर नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि सकाळी निघा. मुक्काम शक्य नसेल तर दिवसाउजेडी परत या.

सैर बासी ईदला

आम्ही शिक्षक आहोत म्हणून मुलांच्या बाजूनेही बोलतो. २०२५ मध्ये २ मार्चला रमजान सुरू झाला तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. अशा दिवसांत मुलांना दिवसभर बाजारात फिरवू नये. त्यांचे माप घ्या, आवडता रंग विचारा आणि त्यांना घरी राहू द्या.

त्याऐवजी बासी ईदला सगळ्यांनी मिळून निघावे. पोटभर खाऊन, नवे कपडे घालून, कसलीही घाई नसताना. नागपुरात महाराजबाग, १८६३ मध्ये सुरू झालेला अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र, २०२१ मध्ये खुले झालेले गोरेवाडा प्राणी उद्यान पाहता येईल. यांपैकी बहुतेक ठिकाणे सोमवारी बंद असतात, रमण विज्ञान केंद्र सोडून. वार पाहून निघावे. ईदीचे पैसे मुलांच्या हातात द्या आणि खर्च त्यांनाच लिहायला सांगा. बेरीज-वजाबाकीचा याहून चांगला गृहपाठ आम्हीही देऊ शकणार नाही. आणि त्या दिवशी घरातल्या बाईला स्वयंपाकापासून सुट्टी द्या. ती महिनाभर सर्वांच्या आधी उठली आहे.

नागपूर जमत नसेल तर आपल्याकडे काय कमी आहे? बल्लारपूरचा किल्ला, नागभीडजवळचा घोडाझरी तलाव, कमलापूरचे हत्ती आहेत. ताडोब्याला मंगळवारी सुट्टी असते आणि सफारीची नोंदणी आधी करावी लागते, हे लक्षात ठेवावे.

खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीवर काय असावे? फितरा. घरातल्या प्रत्येकामागे, हनफी पद्धतीने, साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. नक्की रक्कम आपल्या मशिदीतून कळेल. ईदच्या नमाजआधी तो द्यावाच लागतो, पण शेजारच्या बेवा बहिणीला तो चाँदरातीला मिळाला तर तिच्या मुलांचे कपडे कधी शिवून होणार? पंधराव्या रोजाच्या आत तो तिच्या हाती पडला तर तीही गोल बाजारात जाऊन आपल्या पसंतीने दोन कपडे घेऊ शकेल. नागपूरला निघायच्या आधी एवढे एक काम उरकून टाकू या.