मागच्या तंबोऱ्यापासून पुढच्या बैठकीपर्यंत

संगीताच्या परीक्षांना दरसाल बसणाऱ्या मुलामुलींच्या याद्या डोळ्यांखालून घातल्या आणि मग त्याच विद्यार्थ्यांना चार जाणत्या श्रोत्यांपुढे तासभर सलग गाण्याचा प्रसंग वर्षातून कितीदा येतो याची चौकशी केली, तर आपल्याकडे शिकवण्याचा बंदोबस्त जितका पद्धतशीर झाला तितका ऐकण्याचा झाला नाही, ही गोष्ट सहज ध्यानात येते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यपरंपरेतून 1931 साली गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या पायऱ्या मुक्रर झाल्या. वरच्या परीक्षांत मंचप्रदर्शनाचाही भाग असतो. परंतु परीक्षकासमोर गाणे आणि श्रोत्यासमोर गाणे यांत फार अंतर आहे: परीक्षक दोष शोधण्यासाठीच बसलेला असतो, श्रोता मात्र रमण्यासाठी आलेला असतो, आणि त्याला रमवणे हे ज्या विद्येचे काम, ती विद्या त्याच्यासमोर बसल्यावाचून येत नाही.

पूर्वीच्या काळी या विद्येचा ओनामा गुरूच्या मागे तंबोरा घेऊन होत असे. ही सेवा दिसायला गौण; पण बैठकीचे सारे व्यवहारज्ञान तेथेच मिळे. गुरुजी बडा ख्याल मांडता मांडता किंचित मान वळवीत, तेवढ्या इशाऱ्यावर शिष्याने स्वर उचलायचा, एखादे आवर्तन भरायचे, गुरूने नुकतीच दाखवलेली जागा पुन्हा घेण्याचा आगाऊपणा करायचा नाही, आणि समेच्या अलीकडे वाट मोकळी करून द्यायची. यात गळ्यापेक्षा विवेकाची परीक्षा अधिक. श्रोते कोठे सैलावतात, तबलजी लय कोठे ओढतो, पाणी कधी प्यावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात न बसणारे ज्ञान त्या आसनावर बसून कानामनात उतरत असे.

दुसरी शाळा संगीत नाटकांची. पुढे गायनाचार्य म्हणून कीर्ती पावलेले भास्करबुवा बखले बालपणी किर्लोस्कर मंडळीत होते, आणि रामभाऊ कुंदगोळकर तर सवाई गंधर्व झाले ते रंगभूमीवरच. नाटकाचे पद रात्रीमागून रात्री गावे लागे, आणि प्रेक्षकाला ते भावले की नाही याचा निकाल जागच्या जागी लागे. एवढी रोकठोक तालीम आज कोणत्याही विद्यापीठात उपलब्ध नाही.

तिसरी सोय गावोगावच्या मंडळांची. कोल्हापूरचा देवल क्लब 1883 चा, पुण्याचा भारत गायन समाज 1911 चा. अशा ठिकाणी मोठ्या बुवांच्या आधी शाळकरी गवयाला बसवण्याचा शिरस्ता होता आणि त्यात कोणाला उपकार केल्यासारखे वाटत नसे. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांनी 1936 साली जिना हॉलमध्ये भरवलेल्या परिषदेत बारा वर्षांचेही पूर्ण नसलेले कुमार गंधर्व गायले आणि एका बैठकीने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे वारंवार ठेवले जाते, ते मला फारसे हितावह वाटत नाही; अलौकिक प्रतिभेच्या दाखल्यावरून सामान्य व्यवस्थेची आखणी करता येत नसते.

आता महोत्सवांकडे वळू. सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाने रात्र रात्र जागणारा श्रोता घडवला. मैफल पहाटेपर्यंत चाले तेव्हा आरंभीचा काळ नवोदितांच्या वाट्याला येई आणि समारोप ज्येष्ठांकडे राही. 2000 सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतरचे ध्वनिक्षेपक बंद झाले आणि ठिकठिकाणच्या खुल्या मंडपांतील मैफली आटोपशीर कराव्या लागल्या. रात्र कापली गेली ती अर्थातच दोन्ही टोकांनी: शेवटून पहाटेचे राग गेले आणि आरंभी नवोदिताचा तास अर्ध्यावर आला. जो उरला त्याचीही कथा पाहण्याजोगी असते. दुपारी साडेचारची वेळ, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, स्वयंसेवक अजून सतरंज्या ओढताहेत, ध्वनिव्यवस्थापक मध्येच व्यासपीठावर येऊन मायक्रोफोनची मान वाकवून जातो, आणि अशा गलबल्यात एखादी मुलगी भीमपलासाचा निषाद जागेवर ठेवण्याची शिकस्त करते. संयोजकांच्या दप्तरी मात्र नवोदितास संधी दिल्याची नोंद होऊन जाते.

स्पर्धांची गोष्ट याहून बिकट. दहा मिनिटांत विलंबित, द्रुत आणि तराणा उरकण्याची सवय लागलेल्या गळ्याला पुढे शांतपणे एक स्वर लावून थांबणे जड जाते. आठव्या मिनिटाला घंटा वाजते. विद्यार्थी त्या घंटेच्या धोरणाने आलाप आखतो आणि तानांची आतषबाजी शेवटच्या दीड मिनिटासाठी राखून ठेवतो. स्पर्धा अजिबात नकोत असे नव्हे. जालंदरच्या हरिवल्लभ संमेलनाला जोडून होणाऱ्या स्पर्धेसारख्या उपक्रमांतून दूरदूरचे विद्यार्थी एकमेकांना ऐकतात, हा लाभ लहान नाही. आकाशवाणीची ध्वनिपरीक्षा आणि तिची श्रेणी हाही एक मानाचा दाखला; परंतु तेथे श्रोता अदृश्यच राहतो.

या सर्वांत मिरजेचा प्रकार मला निराळा वाटतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात, उरुसाच्या निमित्ताने, चिंचेच्या झाडाखाली जी संगीतसभा भरते, तिच्यात गाणे ही सेवा मानली जाते आणि बिदागीचा प्रश्नच उद्भवत नाही. जेथे पैशाचा हिशेब नाही तेथे नावाचा दबदबाही थोडा सैल होतो.

पैशाचा उल्लेख आलाच आहे, तर एक अप्रिय बाब नमूद केली पाहिजे. नवोदिताला मानधन नसते, हे एकवेळ समजू शकते. पण तबला आणि पेटीच्या साथीदारांचे मानधन, प्रवासखर्च आणि कित्येकदा संस्थेची देणगीही त्याच्याच पालकांकडून वसूल होते, आणि मग संधी कोणाला मिळायची हे गळ्यावर न ठरता घरच्या ऐपतीवर ठरते. मंडळांनी महिन्याकाठी एक बैठक राखावी, तिला भाषण, सत्कार, समईप्रज्वलन यांपैकी काहीही नसावे, साथीदारांचा खर्च मंडळाने उचलावा, एकाच विद्यार्थ्याने एकच राग पाऊण तास गावा, आणि त्यानंतर श्रोत्यांपैकी दोघा वडीलधाऱ्यांनी चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन काय ते सांगावे, अशी तजवीज करायला फार मोठा निधी लागत नाही. एखाद्या सभासदाचा दिवाणखाना आणि वीस-पंचवीस कान पुरतात.