संकटकाळीं देव कां आठवतो ?

संकट आलें कीं माणूस देवाकडे वळतो, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं तिचें कारण विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाहीं. घरांत मूल तापानें फणफणलें म्हणजे डॉक्टरांकडे माणूस धाडून झाल्यावर आजीबाई देवापुढें सुपारी ठेवतात, आणि एरव्हीं देवघराकडे न फिरकणारे वकील चिरंजीवही त्या रात्रीं तेथें हात जोडून उभे राहतात. भीति हें याचें कारण, असें सुशिक्षित मनुष्य चटकन् सांगून मोकळा होतो. मॅलिनॉव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानें पॅसिफिक महासागरांतील ट्रोब्रियांड बेटांवर असेंच कांहीं टिपून ठेविलें आहे. किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यांत मासे धरतांना तेथील लोक मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या समुद्रांत, जेथें जिवाचें भय, तेथें मात्र त्यांचे विधि सुरू होत. निरीक्षण मार्मिक खरें. परंतु भीतीनें माणूस देवाजवळ कांहीं मागावयास जातो, एवढेंच त्यावरून कळतें. देवाच्या नांवानें तो जें सोडावयास तयार होतो त्याचा उलगडा त्यानें होत नाहीं. तो उलगडा आम्हांस नंदुरबारकडील इतिहासांत सांपडतो.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. इंग्रजी अमदानींत हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. खालीं तापीचें काळें, कसदार खोरें आणि वर सातपुड्याचे डोंगर. वस्ती मुख्यतः भिल्ल, पावरा, मावची, कोंकणी अशा आदिवासींची. मोहाचीं फुलें वेंचून दारू घरींच गाळावयाची, ही त्यांची जुनी रीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें ती रीत गुन्हा ठरली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानांतून विकत घ्यावी लागूं लागली. दुकानाचें देणें, सावकाराचें व्याज आणि तें फेडण्यासाठीं दुसऱ्याच्या शेतावर सालदारकी, अशा फेऱ्यांत घरेंच्या घरें अडकलीं.

मग दारू सोडावी, असें आपण सहज म्हणूं. पण बारसें, लग्न, मर्तिक, पंचांचा निवाडा, यांपैकीं कांहींच दारूवांचून पार पडत नसे. पूर्वजांना आणि शेताच्या देवाला धार द्यावयाची तीही दारूचीच. एकट्यानें दारू सोडली तर तो भावबंदांतून उठला आणि वर देवांचाही अपराधी झाला. शहरांतील उपदेशकांचीं व्याख्यानें येथें कां लागू पडलीं नाहींत, हें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल.

आपल्या भाषेंत देवी हें रोगाचेंही नांव आहे. त्या रोगाच्या सांथींत ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांनीं जी देवी आळविली, ती १९२२ सालीं गांवोगांव फिरत डोंगर चढली आणि वर्षअखेरीस सुरत जिल्हा व पश्चिम खानदेश येथपर्यंत पोंचली. सलाबाई असें तिचें एक नांव. गांवाबाहेर मांडव पडे. पंचक्रोशींतील बायकापुरुष त्यांत दिवसचे दिवस बसत. ज्यांच्या अंगांत येई ते तांबडें वस्त्र हातीं धरून घुमत आणि आज्ञा सांगत. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर झाडून-सारवून ठेवा, दारू विकणाऱ्याच्या शेतावर कामास जाऊं नका ! लोकांनीं कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या, कोठें रानांत सोडून दिल्या.

या आज्ञेंत विशेष तें काय होतें ? आमच्या मतें दोन गोष्टी. ती सर्वांस एकाच वेळीं झाली, त्यामुळें भावबंदांतून उठण्याचें भय उरलें नाहीं. आणि ती थोरल्या देवीची होती, त्यामुळें धार चुकल्यास धाकटे देव कोपतील, ही धास्तीही गेली. कोप झालाच तर तो देवीनें निस्तरावा. जें करावेंसें पुष्कळांना मनांतून वाटत होतें, पण एकाला करणें अशक्य होतें, तें देवीच्या मुखानें गांवानें स्वतःलाच सांगितलें. स्नान आणि शाकाहार हे आपल्या घरांतील आचार त्यांनीं उचलले, म्हणून वाचकांनीं हुरळून जाण्याचें कारण नाहीं. ज्यांच्यापुढें वांकावें लागे त्यांच्या बरोबरीनें उभें राहण्याचा तो एक मार्ग होता.

देवीनें कोणाचें कर्ज फेडलें नाहीं, आणि देवीचा रोग अखेर लशीनेंच गेला. पुष्कळ जण वर्ष-दोन वर्षांत पुन्हां पिऊंही लागले. सुरतेकडे तर आज्ञा पाळणारे ते वर्जेला आणि मोडणारे ते सरजेला, अशी फूट पडली.

तरी गोष्ट तेथें संपली नाहीं. सुमारें १९३७ पासून तळोदें तालुक्यांतील मोरवड या गांवीं गुला महाराज नांवाच्या आदिवासी पुरुषाभोंवतीं दर सोमवारीं आरतीला हजारोंनीं लोक जमूं लागले. दारू नको, चोरी नको, अंग स्वच्छ ठेवा, हा उपदेश ओळखीचाच. पण त्यांत एक नवी गोष्ट होती. एकमेकांस ‘आप’ म्हणावयाचें. जन्मभर सावकाराच्या ओटीखालीं उभें राहून ‘अरे’ ऐकलेल्या माणसाला ‘आप’ म्हणणारें पहिलें ठिकाण देवाच्या दारीं मिळालें ! त्याच्या घरीं सुखसमृद्धि असती तर तो इतके कोस चालत गेला असता किंवा नाहीं, हें सांगणें अवघड नाहीं. १९३८ सालीं गुला महाराज वारले. बंधु रामदास महाराज यांनीं आरती पुढें चालविली, आणि सरकारनें त्यांस जिल्हाबंदी केली. आरतीची भीति सरकारला कां वाटावी, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहादें येथें श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांपैकीं अंबरसिंग यांस लोक महाराज म्हणत, कारण त्यांची वाट भजनांतून आली होती. त्या चळवळींत आदिवासी स्त्रियांनीं गांवोगांव जाऊन दारूचीं मडकीं फोडलीं. तांबडें वस्त्र कोणाच्या हातीं नव्हतें, अंगांतही कोणी आलें नव्हतें. १९२२ सालीं आयांच्या मांडीवर बसून ज्या मुलींनीं देवीचा मांडव पाहिला, त्या तोंवर पन्नाशी ओलांडून गेल्या असतील.