यंत्राच्या गळ्यांतील राग



इंदापूर तालुक्यांत भिगवणजवळ उजनी धरणाचा जलाशय पसरला आहे. भीमेवरील हें धरण १९८० मध्यें पुरें झालें तें शेतीस पाणी मिळावें म्हणून. पळसदेवासारखीं गांवें त्याच्या पोटांत गेलीं. परंतु हिवाळ्यांत त्याच उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते पाहावयास बारामती-पुण्याकडील मंडळी पहांटेच तेथें जातात. योजकांच्या हिशेबांत हे पक्षी नव्हते. यंत्रांचेंही कधीं कधीं असेंच होतें. तें एका कामासाठीं घडवावें, आणि दुसऱ्याच्याच हातीं त्यांतून सौंदर्य प्रकट व्हावें! आज जिची शिफारस करावयाची, त्या ध्वनिमुद्रिकेची कथा अशीच आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वादक म्हणून वावरलेले चरणजितसिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु ए डिस्को बीट' ही तबकडी एच. एम. व्ही.नें १९८२ मध्यें काढली. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे तिच्यांतील दहा राग आपल्या कानांस परिचित आहेत. मात्र येथें तंबोरा नाहीं, तबला नाहीं. विजेवर चालणाऱ्या तीन जपानी यंत्रांवर सारी मैफल उभी आहे. एक ताल धरतें, दुसरें खर्जांत फिरतें, तिसऱ्यावर राग आळविला जातो.

यंत्रांतून भाव कसा उमटणार, ही शंका जुनीच आहे. खुद्द आपल्या नभोवाणीनें १९४० मध्यें हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. नाट्यसंगीत पेटीच्या साथीनें वाढलें हें खरें. तथापि आक्षेपांत तथ्य होतें. पेटीचे स्वर कायमचे बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तिला काढतां येत नाहीं.

या मुद्रिकेचें महत्त्व नेमकें येथें आहे. रोलँड कंपनीचें 'टीबी-३०३' हें यंत्र गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून निघालें. त्यांत स्वरांची ओळ आधीं भरून ठेवतां येते, आणि ठरविलेल्या जागीं एक स्वर न तुटतां पुढच्या स्वरांत सरकतो. पेटीस जें असाध्य, त्याची चाहूल येथें लागते. शिवाय एक खुंटी फिरवितांच नादाचा रंग काळोखापासून लखलखीत तेजापर्यंत पालटतो. यंत्राची ही घसरण दर वेळीं सारख्याच कालांत होते. गवई ती लांबवितो, आवरतो. हा भेद मिटलेला नाहीं, आणि त्यामुळेंच या वादनांतील उदासपण कांहींसें परकें, मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यासारखें भासतें.

त्या वेळीं या तबकडीकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९८७ मध्यें शिकागो येथील 'फ्यूचर' या वादकसंघानें त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही मुद्रिका केली, आणि नृत्यसंगीताचा एक नवा पंथ जगभर पसरला. पुढें २०१० मध्यें नेदरलंड्समधील 'बॉम्बे कनेक्शन'नें मुंबईची तबकडी पुन्हां काढली, तेव्हां पांच वर्षें आधींचा हा प्रयोग ऐकून जाणकार थक्क झाले. उतारवयांत चरणजितसिंगांनीं युरोपांत जाऊन हें वादन श्रोत्यांपुढें केलें. २०१५ मध्यें ते निवर्तले. गुणांची पारख परक्यांनीं करावी आणि मग आपण माना डोलवाव्या, हें रसिक म्हणविणाऱ्या समाजास शोभणारें नाहीं.

ऐकतांना थोडा धीर धरावा. ठेका आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा चालतो, आणि पहिल्या श्रवणांत तो कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. दहाही राग एका बैठकींत ऐकूं नयेत. रात्रीं दिवा मंद करून प्रथम मालकंस लावावा, आणि ठेक्याकडे दुर्लक्ष करून खर्जांतील ओळ कशी वळते तिकडे कान द्यावा. मग बारामती-इंदापुरासारख्या, पावसाची वाट पाहण्यांत अर्धा हंगाम घालविणाऱ्या प्रदेशांतील श्रोत्यांनीं मेघमल्हार ऐकावा. विजेच्या नादांत मेघाची ओढ जाणवते कीं नाहीं, याचा निवाडा त्यांच्याइतका अधिकारानें दुसरें कोण करील?