राउटर आधी उलटा करा!

कंपनीने जुन्या राउटरला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं, की ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर कामी येतं. पण ते आपल्या राउटरवर चालेल का? राउटर उलटा करा. लेबलवर मॉडेलच्या नावाशेजारी व्हर्जनचा आकडा दिसेल.

टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम. नंतर आलेल्या १४ मध्ये दोन्ही निम्मे! आजच्या ओपनडब्ल्यूआरटीला ते पुरत नाही.

म्हणून ओपनडब्ल्यूआरटीच्या वेबसाइटवरच्या हार्डवेअर यादीत नेमकं तेच व्हर्जन शोधा. सापडलं नाही, तर प्रयोग नको. भलत्या व्हर्जनची फाइल टाकली, तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. आणि राउटर इंटरनेट कंपनीचा असेल, तर आधी त्यांना विचारा.