आजी-आजोबांना संगणक शिकवताना

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या दिवशी पंचेचाळिशीत असलेल्या माणसाने आज पंचाहत्तरी गाठली आहे. त्याचे शिक्षण पाटी-पेन्सिलीवर झाले, नोकरी फायली आणि खतावण्या यांच्या सोबतीने झाली आणि परदेशी गेलेल्या भावंडांशी त्याचा संवाद हवाई टपालाच्या पत्रांतून चालला. संगणक त्याच्या कचेरीत आला तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. जी माणसे शेतीवाडीत, बागायतीत किंवा घरकामात राहिली, त्यांच्या वाट्याला तर तेवढाही परिचय आला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे.

दरम्यानच्या काळात दैनंदिन व्यवहार मात्र संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर गेले. रेल्वेचे आरक्षण, गॅसची नोंदणी, विजेचे देयक, बँकेचे खाते, रुग्णालयातील तपासणीचे अहवाल या साऱ्या गोष्टी आता पडद्यावर दिसतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि चर्चची दारे बंद झाली, तेव्हा मिस्सादेखील अनेक वृद्धांनी घरातील पडद्यावरच पाहिली. पण तो पडदा सुरू करून देणारे हात बहुधा दुसऱ्याचे होते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. घरातील तरुण मंडळी प्रेमापोटी म्हणतात, ''आजोबा, द्या इकडे, मी करून देतो.'' काम एका मिनिटात होते. पण हळूहळू आजोबांच्या खात्याचा पासवर्ड नातवाला ठाऊक असतो आणि आजोबांना नसतो. ज्या माणसाने आयुष्यभर घराचा हिशेब सांभाळला, त्याला स्वतःच्या खात्यातील शिल्लक विचारावी लागते. करून देणे ही मदत आहे खरी, पण शिकवणे हा सन्मान आहे. म्हणूनच शिकवायचे कसे, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

अडचण बुद्धीची नव्हे

वयोमानानुसार नवी माहिती ग्रहण करण्याचा वेग मंदावतो, हे खरे आहे. परंतु शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेले ज्ञान दीर्घकाळ शाबूत राहते. वृद्ध माणूस सावकाश शिकतो, याचा अर्थ तो शिकू शकत नाही असा होत नाही. जपानमधील मासाको वाकामिया या बाईंनी साठीच्या सुमारास पहिला संगणक घेतला. २०१७ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी ज्येष्ठांसाठी बाहुल्या मांडण्याचा एक खेळ भ्रमणध्वनीवर तयार केला आणि त्याच वर्षी ॲपल कंपनीने त्यांना आपल्या अमेरिकेतील परिषदेला निमंत्रित केले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या शाळेत साठी ओलांडलेल्या आजीबाई गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरे गिरवू लागल्या. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उमटवला, त्या स्वतःची सही करू लागल्या. अक्षर शिकता येते, तर माऊसही शिकता येतो.

बऱ्याचदा अडथळा असतो तो शरीराचा. स्पर्शाने चालणारा पडदा बोटांच्या त्वचेतील विद्युतवाहकतेवर काम करतो. उतारवयात त्वचा कोरडी पडते आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. आजी अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतात. दीर्घ स्पर्शाचा अर्थ भ्रमणध्वनी वेगळा लावतो आणि भलतीच यादी समोर येते. आजींना वाटते, आपलेच चुकले. यावर उपाय आहेत. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा विभाग असतो. तेथे अक्षरांचा आकार वाढवता येतो आणि दीर्घ स्पर्शासाठी लागणारा अवधीही लांबवता येतो. संगणकावर दोन वेळा पटकन टिचकी मारणे थरथरत्या हाताला अवघड जाते. विंडोज प्रणालीत माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन हा वेग कमी करता येतो. संकेतस्थळावरील अक्षरे बारीक दिसत असतील, तर 'कंट्रोल' कळ दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबावे, अक्षरे मोठी होतात. शिकवण्यास बसण्यापूर्वी ही तयारी पाच मिनिटांत होते. बहुतेक घरांत ती कोणी करत नाही.

दुसरा अडथळा भाषेचा होता. तो आता बराच दूर झाला आहे. पूर्वी प्रत्येक मराठी फॉन्ट निराळा असे आणि एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर अगम्य चिन्हांत उमटे. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्थान मिळाले आणि तिचा वापर रूढ झाल्यावर ही अडचण संपली. २०१७ साली गुगलने मराठी बोलणे ओळखून ते अक्षरांत उमटवण्याची सोय केली. ज्यांना कळफलक शोधत बसणे जमत नाही, त्या आजीने माईकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलावे, अक्षरे आपोआप उमटतात. भ्रमणध्वनीची भाषाच मराठी करून दिली, तर अर्धी भीती तेथेच नाहीशी होते.

पहिला धडा कशाचा?

पुष्कळ जण पहिल्याच दिवशी संगणकाचे भाग सांगू लागतात. हा मॉनिटर, हा सीपीयू, ही हार्ड डिस्क! अर्ध्या तासात आजोबांचा उत्साह मावळतो. पहिला धडा यंत्राचा असू नये, तो त्यांच्या गरजेचा असावा. कॅनडातील मुलीचा चेहरा पाहायचा आहे का? मग प्रारंभ व्हिडिओ कॉलने करावा. आजींना पाककृतींची आवड आहे का? मग शोधाच्या चौकटीत पहिला शब्द 'सुकेळी' असावा. आपल्या वसईच्या वाळवलेल्या केळ्यांविषयी जगात कोणी काय लिहिले आहे, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहू द्यावे. हेतू जवळचा असला की पायऱ्या लक्षात राहतात.

माऊसची सवय लावण्यासाठी पत्त्यांचा खेळ उत्तम. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० सोबत 'सॉलिटेअर' हा एकट्याने खेळण्याचा पत्त्यांचा डाव दिला होता. लोकांना चित्र उचलून दुसरीकडे नेऊन सोडण्याची सवय लागावी, हाही त्याचा एक उपयोग होता. आमच्या गावांत पत्ते खेळत मोठे झालेल्या आजोबांना ही शिकवणी शिकवणी वाटणारही नाही.

शिकवण्याची रीत

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, माऊस किंवा भ्रमणध्वनी शिकणाऱ्याच्याच हातात राहावा. शिकवणाऱ्याने आपले हात मागे ठेवावेत आणि शब्दांनी सांगावे. पाहून झालेले शिक्षण क्षणात विसरते, हाताने केलेले टिकते.

दुसरे, एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी आणि बैठक अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच दिवशी पुष्कळ घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने उजळणी केली तर लक्षात अधिक राहते, हे त्यांनी दाखवून दिले. हा नियम नातवाला लागू आहे, तसाच आजोबांनाही.

तिसरे, एक वही असावी आणि ती आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी. 'हिरव्या चिन्हावर बोट. मग मेरीचे नाव. मग कॅमेऱ्याचे चित्र.' अशा त्यांच्या शब्दांतील तीन ओळी छापील पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडतात. एकच काम करण्याचे चार मार्ग असतील, तर त्यांतील एकच सांगावा आणि तो बदलू नये.

चौथे, ''किती सोपं आहे!'' हे वाक्य उच्चारू नये. गोष्ट सोपी आहे आणि तरीही मला जमत नाही, याचा निष्कर्ष शिकणारा स्वतःविषयी काढतो. त्याऐवजी ओळखीच्या जगातील उपमा द्याव्यात. फोल्डर म्हणजे कपाटातील खण, फाईल म्हणजे खणातील कागद. संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता. पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. मागे नेणारा बाण म्हणजे परतीची वाट. वाट चुकली तरी परत येता येते, हे कळले की माणूस पुढे जाण्यास धजावतो.

काय बिघडते आणि काय नाही

''मी हात लावला आणि बिघडलं तर?'' हा प्रश्न प्रत्येक आजी विचारतात. त्याला ''काही बिघडत नाही'' असे सरसकट उत्तर देणे प्रामाणिकपणाचे नाही. खरे उत्तर असे की, बहुतेक गोष्टी परत फिरवता येतात, काही थोड्या येत नाहीत. चुकीचे पान उघडले, अक्षर चुकले, खिडकी बंद झाली, तर काहीही नुकसान होत नाही. मात्र पैसे पाठवणे, कोणालाही ओटीपी किंवा पिन सांगणे, अनोळखी फाईल उघडणे आणि छायाचित्रे कायमची पुसणे या चार ठिकाणी थांबून विचारावे. इतके स्पष्ट सांगितले, की उरलेल्या साऱ्या प्रदेशात आजी निर्भयपणे फिरू शकतात.

फसवणुकीपासून संरक्षण

या भागाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी एका दूरध्वनीसरशी गेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. 'डिजिटल अरेस्ट' हा त्यातील क्रूर प्रकार आहे. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करून वृद्धाला व्हिडिओ कॉलसमोर तासन्तास बसवून ठेवले जाते आणि अटकेची भीती घालून पैसे उकळले जातात. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. कोणतीही तपास यंत्रणा दूरध्वनीवरून अटक करत नाही आणि पैसे मागत नाही.

आजी-आजोबांच्या वहीच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात:

१) पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत.

२) बँक दूरध्वनीवरून ओटीपी विचारत नाही.

३) लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेली 'एपीके' नावाची फाईल उघडू नये.

४) नातवाचा आवाज ऐकू आला तरी तो नातू असेलच असे नाही. आता यंत्राने आवाजाची नक्कल करता येते. घरात एक सांकेतिक शब्द ठरवावा आणि पैशांची मागणी आल्यास तो विचारावा.

५) फसवणूक झाल्यास त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक.

आणि एक गोष्ट तरुणांसाठी. फसलेल्या वृद्धावर रागावू नये. रागाच्या भीतीने तो गप्प बसतो आणि मोलाचे तास निघून जातात.

स्वावलंबनाची फळे

केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही सेवा सुरू केली. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला त्यामुळे संगणकाद्वारे देता येऊ लागला. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमगत नसत. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि घरबसल्या भ्रमणध्वनीवरून दाखला देणे शक्य झाले. ज्या आजोबांना हे स्वतः करता येते, त्यांना नोव्हेंबरमध्ये बँकेच्या रांगेत कोणाच्या आधाराने उभे राहावे लागत नाही.

परंतु ज्येष्ठ हे केवळ घेणारे नाहीत. शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्र यांनी २००९ साली इंग्लंडमधील आजींना आवाहन केले आणि त्यातून 'ग्रॅनी क्लाउड' उभा राहिला. निवृत्त शिक्षिका आणि इतर स्वयंसेवक स्काइपवरून भारतातील मुलांशी गप्पा मारत, गोष्टी सांगत. आपल्या आजींकडेही असाच ठेवा आहे. सामवेदी आणि वाडवळी बोलीतील शब्द, लग्नातील गाणी, बुजलेल्या बावखलांची नावे, कोणत्या वाडीत कोणते पीक होत असे याच्या आठवणी या कोणत्याही पुस्तकात संपूर्ण सापडणार नाहीत. भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रण कसे करावे, हे आजींना शिकवले, तर हा ठेवा त्यांच्याच आवाजात जतन होईल.

धर्मग्रामात काय करता येईल?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि ज्येष्ठांसाठी जागतिक दिन घोषित केला. तो जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. त्या दिवशी पुष्पगुच्छ आणि मनोरंजनाचा कार्यक्रम होतो, तो व्हावाच. पण त्याला जोडून धर्मग्रामाच्या सभागृहात रविवारच्या मिस्सानंतर एक तासाचा वर्ग सुरू करता येईल. प्रत्येक ज्येष्ठासमोर एकच युवक किंवा युवती बसावी, आणि ती शक्यतो दुसऱ्या घरातील असावी. आपल्या नातवापुढे चुकण्याचा संकोच वाटतो, परक्याच्या मुलापुढे तो कमी वाटतो. युवकही परक्या आजोबांशी अधिक संयमाने बोलतो. सहा-आठ रविवार पुरेसे आहेत. पहिल्या रविवारी सेटिंग आणि वही, दुसऱ्या रविवारी व्हिडिओ कॉल, तिसऱ्या रविवारी मराठीतून शोध आणि चौथ्या रविवारी केवळ फसवणुकीचे प्रकार, असा क्रम ठेवता येईल. उरलेले रविवार उजळणीसाठी राखावेत.

ज्यांनी आपले बोट धरून आपल्याला चर्चची पायरी चढवली, त्यांनी त्या वेळी आपल्या पावलांचा वेग पाहिला नव्हता. आता त्यांच्या बोटांचा वेग पाहून आपण घाई करू नये. या रविवारी घरातील भ्रमणध्वनी त्यांच्या हाती द्यावा, शेजारी बसावे आणि आपले हात मागे ठेवावेत.